छाट

संमतीपत्र चार भाषांत करताना
मी सगळ्यात जास्त अडले एका शब्दावर.
मराठीत अस्थिमज्जा लिहिलं, समितीने खूण केली,
पण विडी घरकुलात हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना.
नरसम्मा म्याकल म्हणाल्या, मूलुग.
पलीकडच्या खाटेवरून शकूरचाचा म्हणाले, गूदा.
कलबुर्गीहून फोनवर डॉक्टर शरणम्मा, मज्जे.
शेवटी लिहिलं :
हाडाच्या आतलं, जिथं रक्त तयार होतं ते.
ओळ लांबली, फॉर्मचं एक पान वाढलं.
वाढू दे.

असे पेशंट सोलापुरात सहा.
लातुरात चार, विजयपुरात पाच,
कलबुर्गीत नऊ, हैदराबादेत सतरा.
सहांवरून काही सिद्ध होत नाही,
सहा म्हणजे ज्याचं त्याचं नशीब.
एक्केचाळीस झाले
की आकडा निदान तोंड उघडतो.

यादगिरीचा नंबर अकरा. वय एकोणीस.
बहीण जुळली, राजेश्वरी, सिरसिल्ल्याला दिलेली.
सासरा सोबत आला, चप्पल न काढता दारातच उभा.
हिला पुढे मूल होईल ना?
होईल, म्हटलं.
त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं.
तिसऱ्यांदा राजेश्वरीच तेलुगूत काहीतरी बोलली, तोडून.
ते मला कुणी मराठीत सांगितलं नाही.

बहिणीच्या पेशी भावाच्या अंगावर उठू नयेत
म्हणून दोन औषधं आहेत.
कुठलं बरं, ते पाचही गावांत कुणाला ठाऊक नाही,
आणि हेच फॉर्मच्या तिसऱ्या पानावर
सरळ लिहायचं असतं.
चिठ्ठी कोण काढतं? नरसम्मांनी विचारलं. मोठे डॉक्टर?
नाही, मशीन.
मग बरंय. मशीनच्या ओळखीचं कुणी नसतं.

नमुन्याचा डबा रात्री साडेदहाला निघतो.
एकदा नळदुर्गच्या पुढे ट्रक आडवा झाला,
रांग उमरग्यापर्यंत.
मी होटगी रोडच्या खोलीत, हातात मोबाइल,
चार अंश, चार अंश, पाच.
ड्रायव्हर इरण्णा म्हणाला, झोपा मॅडम,
एसी लावलाय, पोरगं मांडीवर घेऊन बसलोय.

दर मंगळवारी चार वाजता
पाच स्क्रीनवर पाच गावं.
कुणाचा पंखा वाजतो, कुणाची लाइट जाते,
एकमेकांचे आकडे आम्ही वाचून दाखवतो
भाव ठरवल्यासारखे, भराभर.
त्या मंगळवारी लातूरच्या सिस्टर घोणसे
सव्वीस नंबरपाशी थांबल्या.
तारीख सांगितली.
मी ती रकान्यात भरली.
विजयपूरकरांनी माइक बंद केला, पण
खोकल्यासारखं काहीतरी आधीच येऊन गेलं होतं.

शनिवारी घरी गेले, शंभराव्या दिवसाच्या तपासणीचं सांगायला.
यादगिरी ओट्यावर, तोंडाला मास्क, टोपी,
रक्त आता बहिणीचं, मिशी अजून त्याचीच.
नरसम्मांच्या मांडीवर सूप, सुपात पानं,
हात चालू.
त्यांना कळलं होतं. हैदराबादच्या व्हरांड्यात
त्या नि लातूरची ती बाई पंधरा दिवस
एका चटईवर झोपल्या होत्या,
एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती.

कारखान्यात, त्या म्हणाल्या, हजार विड्या नेते.
चेकर उलटीसुलटी करतो,
एखादी सैल, एखादी फाटकी, बाजूला टाकतो.
छाट. तिचे पैसे नाहीत, तिचा हिशोब नाही.
पान माझं, बोटं माझी,
पण ती वळलीच नव्हती असं धरायचं.
तसं त्या पोराचं केलं का तुम्ही?

नाही, मी म्हटलं.
इथं छाट काढत नाहीत.
ज्या गटात चिठ्ठी निघाली, त्या गटात
तो शेवटपर्यंत मोजायचा.
चाळीस म्हणायचे नाहीत.
एक्केचाळीसच.

त्या काही बोलल्या नाहीत.
विडीचं तोंड नखाने दुमडलं,
दोरा गुंडाळला, कट्टा उचलला, मोजायला लागल्या,
वकटि, रेंडु, मूडु,
सतरा-अठरापाशी कुठेतरी चुकल्या,
आणि सगळ्या सुपात ओतून
पुन्हा एकपासून.